घरच्या बियाण्याच्या तुरीत मर दिसते आहे. वाणाची प्रतिकारशक्ती संपली का?

काळी माती (प्रश्न):
बदनापूर संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६ हा वाण मी सहा वर्षे घरचेच बियाणे राखून पेरत आहे. मर (झाड उभे वाळणे) आणि वांझ (झाडाला फुले-शेंगा न धरणे) या दोन्ही रोगांना तो प्रतिकारक आहे, म्हणूनच निवडला होता. यंदा मात्र शेंगा भरताना ठिकठिकाणी झाडे वाळली. वाण जुना झाला असे समजावे का? आणि नवा वाण यायला इतकी वर्षे का लागतात?

बीजोत्पादक:
आधी वाळलेल्या झाडाचे खोड उभे चिरून पाहा. आत काळपट रेषा असतील, तर ती फ्युजारियम बुरशीची मर होय. तरीही मी लगेच वाणाला दोष देणार नाही. तुरीच्या फुलांवर मधमाश्या शेजारच्या शेतातील परागकण आणतात, त्यामुळे घरचे बी दरवर्षी थोडे थोडे भेसळत जाते. ७३६ चा दाणा लाल असतो. तुमच्या बियाण्यात पांढरे दाणे किती आहेत, ते मोजून पाहा.

जुना प्रक्षेत्र सहायक:
विलंबाचे कारण मी जवळून पाहिले आहे. संकर केल्यानंतर सहा-सात पिढ्या निवड करावी लागते, आणि तीही मुद्दाम मरग्रस्त ठेवलेल्या जमिनीत, जिथे मधल्या ओळींत रोगाला बळी पडणारा वाण पेरलेला असतो. तो वाळला नाही, तर शेजारच्या हिरव्या झाडांवर विश्वास ठेवता येत नाही. वांझ रोगाचा विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडींमार्फत पसरतो, म्हणून रोगट पाने कोवळ्या रोपांच्या पानांना स्टेपलरने टाचली जातात. या विषाणूचे प्रकार प्रदेशागणिक बदलतात, त्यामुळे एका ठिकाणी टिकलेले वाण अनेक केंद्रांवर काही वर्षे पुन्हा तपासतात. त्यानंतरच १९६६ च्या बियाणे कायद्याखाली वाण अधिसूचित होतो. ही घाई करण्याची जागा नव्हे, असे माझे ठाम मत आहे. शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीला मात्र एवढ्या कष्टांनंतरही तुरीत भरवशाचा प्रतिकार मिळालेला नाही. तो मुख्यतः रानटी भाईबंदांत आढळतो.

काळी माती:
खोडात रेषा सापडल्या, आणि शेरभर बियाण्यात पांढरे दाणेही बरेच निघाले. त्या तुकड्यात आता ज्वारी घेईन आणि तुरीसाठी निळ्या खुणचिठ्ठीचे प्रमाणित बियाणे आणीन.