रोज डोळ्यांसमोर असलेला धंदा आपल्याला दिसत का नाही?

प्रश्न : यावलचा हिशेबनीस

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातल्या एका गावात राहतो. बी.कॉम. झाल्यापासून गेली तीन वर्षे जळगावला एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहितो आणि रोज एसटीने ये-जा करतो. घरी चार एकर केळी आहे. या पगारात काही राम नाही, स्वतःचे काहीतरी उभे कर, असे वडील गेले वर्षभर सांगत आहेत. पण ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, इथेच माझे घोडे पेंड खाते.

ज्याला विचारावे तो केळीच्या वेफर्सचे नाव घेतो. आमच्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला कढया मांडून बसलेली मंडळी आधीच इतकी आहेत की, मी आणखी एक मशीन आणून कोणत्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर बसावे, ते मला कळत नाही. दुसरीकडे आमच्या कार्यालयात ज्यांचे हिशेब येतात, त्यांतले काही जण अगदी साध्या वस्तूंवर उत्तम पैसा मिळवताना दिसतात, आणि त्यांना जे दिसले ते माझ्याही डोळ्यांसमोर होते, याची चुटपुट लागून राहते. ही नजर जन्मजात असते की कमावता येते? ज्यांनी धंदा केला आहे त्यांनी आपली पहिली संधी नेमकी कशी दिसली ते सांगावे. प्रेरणादायी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, तेव्हा ती नकोत.

उत्तर 1 : उडदाची लाटी, धुळे

दादा, मला संधी दिसली नव्हती, ती दोन वर्षे माझ्या दारात येऊन परत जात होती, एवढे आधी कबूल करते.

मी उडदाचे पापड विकायला सुरुवात केली होती. पहिल्या उन्हाळ्यात चाळीस किलोंचे पापड केले आणि त्यांतले निम्मे दिवाळीपर्यंत डब्यांत पडून राहिले. कारण उघड होते, पण मला ते दिसत नव्हते : आपल्याकडे ज्या घरात पापड खाल्ले जातात, त्या घरात ते होतातच, आणि झाले नाहीत तर मावशीकडून किंवा बहिणीकडून येतात. विकत घेणार कोण? त्याच काळात गल्लीतल्या बायका येऊन विचारत, “ताई, पापड नकोत, पण पीठ कुटून द्याल का?” मला त्याचा चक्क राग यायचा. मी पापडवाली, पीठ कुटणारी नव्हे, अशी माझी ऐट होती.

उडदाचे पीठ पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवायचे, तेलाचा हात लावून ते पांढरट होऊन ताणले जाईपर्यंत कुटायचे, मग त्याची वळकटी करून दोऱ्याने लाट्या कापायच्या, हे काम ज्यांनी केले आहे त्यांना त्यात खांद्यांची काय दशा होते ते ठाऊक आहे. लाटायला शेजारणी हौसेने जमतात, कारण त्यात गप्पा असतात. कुटायला मात्र कोणी येत नाही. म्हणजे लोकांची अडचण पापडांची नव्हतीच, त्यांच्या आधीच्या दोन तासांची होती. तिसऱ्या वर्षी मी कुटण्याचे यंत्र घेतले आणि तयार लाट्या विकू लागले. आदल्या दिवशी मागणी घ्यायची, सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायच्या, त्यामुळे माल पडून राहण्याचा प्रश्नच मिटला.

चुका झाल्याच. एकदा पापडखार जास्त पडला आणि सहा किलोंचे पापड तळल्यावर लालभडक झाले. सगळ्यांचे पैसे परत केले. तयार पापड आता मी फक्त सुरतेच्या गिऱ्हाइकांसाठी करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नांना माहेरी आलेल्या बायका जाताना काळ्या मसाल्याबरोबर पापडही नेतात, कारण तिथल्या खोलीत वाळवण घालायला गच्ची नसते. वस्तू तीच असली, तरी गरज गावागावांत वेगळी असते. खाद्यपदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्याच दिवशी करा. लहान व्यावसायिकालाही ती मिळते आणि दुकानदार ती मागतात.

उत्तर 2 : निवृत्त बँकवाला, अमळनेर

ताईंनी लिहिलेले सोन्यासारखे आहे. मी कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षे काढली, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

आपल्या भागात उद्योगाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली, 1945 साली आमच्या अमळनेरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली. दुसरी, वाकोदचे भवरलाल जैन यांनी 1963 साली घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलच्या विक्रीने सुरुवात केली आणि पुढे जैन इरिगेशन उभी केली. दोन्ही खऱ्या आहेत, परंतु सांगणारा नेहमी शेवटाकडे धावतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती फक्त थक्क होणे उरते. मला जैनांच्या गोष्टीतला मधला भाग अधिक उपयोगाचा वाटतो. 1978 साली त्यांनी केळीच्या भुकटीचा जुना कारखाना विकत घेतला आणि त्यात केळीची भुकटी करत न बसता पपईच्या चिकापासून पपेन नावाचे पाचक द्रव्य काढायला सुरुवात केली. पपई शेतकऱ्यांच्या परिचयाची होती, तिचा चीकही नवा नव्हता. पण कारखान्याच्या दारावर ‘केळी’ लिहिलेले असताना आत काय करता येईल, हा प्रश्न स्वतःला विचारणे, ही त्यातली खरी गोम आहे. वेफर्सचे मशीन सुचवणारे लोक नेमके तेवढेच विचारत नाहीत.

माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक फायली उलट्या क्रमाने आलेल्या असत. अनुदान किती आहे हे आधी कळलेले असे, मग त्यात बसणारे यंत्र शोधले जाई, आणि गिऱ्हाईक कोण, या रकान्यात ‘स्थानिक बाजारपेठ’ असे लिहून मोकळे होत. 2020 मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठरवले गेले, आणि त्यात जळगाव जिल्ह्यासाठी निवडलेले उत्पादनही केळीच आहे. तेव्हा तुम्हाला वेफर्स सुचवणाऱ्यांच्या डोक्यात काय असेल, याचा मला अंदाज आहे. परंतु ती रक्कम काही हातात पडत नाही. ती कर्जखात्याला जोडलेली असते आणि हप्ते नीट फेडले तरच पदरात पडते. योजना जरूर घ्या, तिची सध्याची मुदत आणि अटी जिल्हा कृषी कार्यालयात विचारा, पण धंदा ठरल्यानंतर.

तुमची एक जमेची बाजू तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही रोज दुसऱ्यांचे हिशेब लिहिता. कोणाचे पैसे कुठे अडकतात, कोणता खर्च सगळ्यांच्याच वहीत पुन्हा पुन्हा येतो, हे तुम्हाला फुकट दिसते. गिऱ्हाइकाची माहिती बाहेर न्यायची नाही, हे सांगायला नकोच; पण त्यातून नजर तयार व्हायला कोणाची हरकत आहे?

उत्तर 3 : ठिबकवाला, शहादा

काकांशी सहमत, फक्त एक भर घालतो. संधी आठवून सापडत नाही, ती लिहून सापडते. मी गावातल्या किराणा दुकानदाराला आणि कृषी केंद्रवाल्याला एकेक छोटी वही दिली होती आणि “जे मागितले पण तुमच्याकडे नव्हते, तेवढेच लिहा,” असे सांगितले होते. महिनाभराने किराणा दुकानाच्या वहीतून काही निघाले नाही. कृषी केंद्राच्या वहीत मात्र ‘ठिबक साफ करणारा माणूस’ हे शब्द सात वेळा आले होते, आणि ती तर वस्तूच नव्हती. ठिबक सिंचनाच्या चोंदलेल्या नळ्या ॲसिड सोडून साफ करून देण्याचा धंदा मी त्यातूनच सुरू केला.

दुसरी गोष्ट उधारीची. माझे पहिले वर्ष कामाने नव्हे, वसुलीने बुडवले. कापूस लावणारा शेतकरी प्रामाणिकपणे सांगतो की कापूस विकला की देतो, आणि तो दिवाळीनंतर देतोही. पण माझे ॲसिड आणि पेट्रोल रोखीचे होते. म्हणून कोणाकडे पैसा कोणत्या महिन्यात येतो, हे धंदा ठरवण्याआधी पाहा. तुमच्याकडे मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) अशा दोन लागवडी असल्यामुळे केळीचा पैसा वर्षात विभागून येतो, ही तुमची सोय आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : यावलचा हिशेबनीस

तिघांचेही मनापासून आभार. ठिबकवाल्या दादांचे वाचून रविवारी आमच्याच मळ्यात गेलो आणि नळ्यांची शेवटची टोके उघडून पाहिली. पहिल्या नळीतून ताकासारखे पांढरे पाणी आले, दुसऱ्या नळीतून बराच वेळ काहीच आले नाही. वडील म्हणाले, “क्षार आहेत, दरवर्षीचेच आहे.” हे ‘दरवर्षीचेच आहे’ मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि त्या दिवशी प्रथमच मला ते ऐकू आले.

मग शिवारातल्या चौदा जणांना विचारले. अकरा जणांच्या नळ्या चोंदतात. त्यांतले बहुतेक जण बाहेरगावाहून माणूस बोलावतात आणि तो सांगितलेल्या दिवशी येत नाही, ही सर्वांची एकच तक्रार. काम रोखीने होणार असेल तर आगाऊ दोनशे रुपये द्याल का, असे विचारल्यावर अकरांपैकी चौघांनी तिथेच दिले. नोकरी सोडलेली नाही. कांदेबागेच्या लागवडीआधीच्या रविवारांसाठी ही चार नावे वहीत लिहिली आहेत. दादा, ॲसिड हाताळणे मला येत नाही. एखाद्या रविवारी शहाद्याला येऊन तुमच्याबरोबर दिवसभर काम केले तर चालेल का?

उत्तर 4 : ठिबकवाला, शहादा

या. जुने कपडे, रबरी हातमोजे आणि गमबूट घेऊन या. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडात कधीच नाही, एवढे घरूनच पाठ करून या; बाकीचे शेतात दाखवतो.