चर्चा: शेळीच्या कर्जाला आठवड्याचा हप्ता? मायक्रोफायनान्सनं गरिबी हटते का?

माणगंगाकाठ (आटपाडी)
आमच्या गल्लीत एकेका घरात तीन-तीन मायक्रोफायनान्स (बायकांच्या गटाला विनातारण छोटी कर्जं देणाऱ्या) कंपन्यांची कार्डं झालीत. कर्ज उचललेलं असतं शेळीपालनासाठी. शेळी गाभण राहिल्यावर पाच महिन्यांनी विते, करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ महिने. हप्ता मात्र लगेच सुरू, काही ठिकाणी तर पुढच्याच आठवड्यापासून. म्हणजे तो शेळी फेडत नाही, बाईची द्राक्षबागेतली मजुरी फेडते. विरळणी-डिपिंगला (घड औषधात बुडवायच्या कामाला) तासगावकडे गाडी जाते तोवर भागतं. बागेची कामं सरली की हा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज.

ही छोट्या कर्जाची पद्धत रुजवणारे बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस. त्यांनी १९७६ साली तिथल्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले. त्यांत बांबूचे मोडे (बसायची स्टुलं) विणणाऱ्या बाया होत्या. सकाळी बांबू आणायचा, संध्याकाळी मोडा विकायचा. तिथं छोटा हप्ता शोभतो. वर्षानं पैसा देणाऱ्या धंद्याला तो लावला की कर्ज वाढतं, धंदा नाही.

विटेकर
साफ अमान्य. ही कंपनी नसती तर बाई कुठं गेली असती? सावकाराकडे, महिना शेकडा पाचनं. म्हणजे वर्षाला ६० टक्के! बँकेला सातबारा लागतो आणि तो सासऱ्याच्या नावावर. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण कर्ज मिळतं आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. एवढं संरक्षण सावकार देतो का?

जतकर
@विटेकर, उत्पन्न किती ते लिहितो कोण? वसुलीवालाच. फॉर्मवर आकडा फुगवला की निम्म्याचा नियम आपोआप बसतो. आमच्याकडे सकाळी आठला समाजमंदिरात मीटिंग. गटातल्या एकीचे दोनशे कमी पडले तर बाकीच्यांना उठू देत नाहीत. कामाची गाडी सुटायला नको म्हणून शेजारणीच वर्गणी काढून भरतात. मग वसुली ९९ टक्के म्हणून कंपनीची पाठ थोपटायची.

व्याजाचंही ऐका. ४० हजार, दोन वर्षं, '१२ टक्के फ्लॅट' (म्हणजे मुद्दल फिटत आलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच) सांगितलं तर ९,६०० व्याज, महिना २,०६७ रुपये. उतरत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच, मोजलं तर दर २१ टक्क्यांच्या वर जातो. २०१० साली आंध्रात सरकारला या कंपन्यांच्या वसुलीला लगाम घालायला वटहुकूम काढावा लागला, तो उगाच नाही.

म्हसवडची सून
सगळ्यांना एका मापानं मोजू नका. आमच्या म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून आहे. ती काढणाऱ्या चेतना सिन्हांनी परवान्याचा पहिला अर्ज केला तो रिझर्व्ह बँकेनं फेटाळला, कारण प्रवर्तक बायांचे अंगठे होते. बाया परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नाही, हिशोब येतो. व्याज तुमच्या साहेबांच्या आधी काढून दाखवतो. फरक हा की इथं बचतही चालते आणि बँक सभासदांचीच. नुसतं कर्ज वाटणाऱ्या कंपनीत बाईची ठेव कुठे असते?

कृष्णाकाठचा सहकारी
सहा देशांतले अभ्यास २०१५ साली एकत्र छापून आले, त्यात हैदराबादचाही होता. निष्कर्ष असा की मायक्रोक्रेडिटनं, म्हणजे अशा छोट्या कर्जानं, धंद्याला थोडा हातभार लागतो, पण घराची गरिबी पालटल्याचं दिसत नाही. मग युनूस यांचा दुसरा मार्ग, सोशल बिझनेस: गुंतवणूकदाराला मुद्दल परत, नफा धंद्यातच. बांगलादेशात ग्रामीण-डॅनोननं (युनूस यांची ग्रामीण आणि फ्रान्सची डॅनोन यांची भागीदारी) कुपोषित मुलांसाठी स्वस्त दही काढलं. दूध महागलं, दर वाढवला, खेड्यातला खप कोसळला. आपण हेच सहकारातून आधीच करत आलोय (चेअरमनची गाडी केवढी, हा विषय आज नको).

माणगंगाकाठ (आटपाडी)
म्हणून तर म्हणतो, कर्ज दुभत्या जनावराला द्या. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं, हप्ता त्यातूनच कापा. शेळी-मेंढीचं कर्ज असेल तर करडं विकल्यावर एकरकमी घ्या.

विटेकर
एकरकमी? वर्षभर तेवढी रक्कम कुठल्या घरात टिकते? मध्ये दवाखाना येतो, नणंदेचं लग्न येतं. आठवड्याला भरायचं म्हणून तरी बाई नवऱ्याच्या हातातून दोनशे काढून ठेवते.

जतकर
आणि म्हैस घेतली तर मार्चनंतर कडबा कोण देणार, डेअरी की कंपनी?