अनुभव धागा: वर्गात ऑनलाइन साधनं वापरली, पुढे काय झालं?

अमळनेर, बी.एड. द्वितीय वर्ष

सराव पाठांसाठी शाळेत जायला लागल्यापासून बघतेय. ऑनलाइन साधनांचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत दोनच सूर लागतात. एक म्हणतो मोबाइलनं पोरं वाया गेली, दुसरा म्हणतो आता सगळं डिजिटलच. मला यांच्या मधलं ऐकायचंय. कोणतं साधन, कोणत्या तासाला, कशासाठी वापरलं आणि त्यानंतर वर्गात काय बदललं, ते सांगा. लॉकडाऊनमधले घरबसल्या तास सध्या बाजूला ठेवू. पोरं बाकांवर, शिक्षक फळ्यापाशी आणि सोबतीला एखादं साधन, अशा तासाबद्दल लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून यावं अशी फार इच्छा आहे. विद्यार्थी, शिक्षक, पालक, कुणीही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. बी.एस्सी.ला आमचे फिजिक्सचे सर तासाच्या सुरुवातीला गूगल फॉर्मवर एकच प्रश्न टाकायचे. एक प्रश्न पक्का लक्षात आहे. एका बॅटरीला दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले, तर दुसऱ्या बल्बमधून जाणारा करंट पहिल्यापेक्षा कमी, जास्त की तेवढाच? ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी शेजारच्याच्या फोनवरून उत्तर दिलं. प्रोजेक्टरवर आलेख सगळ्यांसमोर वाढत गेला आणि निम्म्याहून जास्त वर्ग ‘कमी’ वर होता. म्हणजे पहिला बल्ब थोडा करंट खाऊन टाकतो, ही समजूत बारावी सायन्स पास झालेल्या वर्गात ठाण मांडून बसलेली.

सरांनी उत्तर सांगितलंच नाही. म्हणाले, वेगळं उत्तर देणारा शेजारी शोधा आणि त्याला पटवा. मग वर्गाचा आठवडे बाजार झाला. मराठी मागे पडली, वाद अहिराणीत सुरू झाला. “मंग तो करंट जास कोठे?” असं एक जण बाकावर हात आपटून विचारत होता. त्यानंतर पुन्हा मत घेतलं तर चित्र पार उलटलेलं. मग सरांनी फेटच्या साइटवरचं सर्किटचं सिम्युलेशन उघडलं आणि बल्बांच्या आधी, मध्ये आणि नंतर करंट मोजणारा अ‍ॅमीटर लावून दाखवला. तिन्ही ठिकाणी आकडा एकच. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा उपक्रम, भौतिकशास्त्राचं २००१ चं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. साइटवरची सिम्युलेशनं मोफत आहेत, आणि सिम्युलेशन उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं.

ही पद्धत हार्वर्डचे एरिक माझुर १९९१ पासून वापरत आले आहेत, हे मला बी.एड.ला कळलं. पहिल्या मतात साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर मुलांना आपसात बोलू द्यायचं, त्याहून कमी असतील तर तो भाग पुन्हा शिकवायचा.

आमच्याकडे ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो सर’ म्हणतो. पहाटेची एसटी धरून खेड्यावरून येणारी, मागच्या बाकावरची मुलगी हात वर करून ‘नाही समजलं’ म्हणत नाही. फॉर्मवर ती मनातलं उत्तर देते. पण आमच्या सरांनी तो आलेख पाहून त्या दिवसाचा तास बदलला, म्हणून त्याचा उपयोग झाला. माझ्या मते साधनाची खरी परीक्षा हीच. शिक्षकाला जे दिसलं, त्यानं पुढचं शिकवणं बदललं का?

यावल तालुका, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक

ताई, चौथीच्या पोरांकडे कुठले फोन? आणि नसावेतच. माझ्या वर्गात फोन एकच, माझा. मी प्लिकर्स वापरतो. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळ्या चौकटींची नक्षी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर असलेली बाजू वर करून मुलानं कार्ड धरायचं. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याला काही दिसत नाही, आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यानं बघून उतरवताही येत नाही. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो, कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट माझ्या स्क्रीनवर येतं. कार्डं कागदावर छापून जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत. लग्नसराईनंतर पत्रिकांना तोटा नसतो.

एकदा ४०८ भागिले ४ विचारलं. पर्यायांत मुद्दाम १२ ठेवला होता. अर्ध्या वर्गाची कार्डं १२ वर! वह्या तपासताना अशा चुका एकेक करून दिसायच्या, तोवर दुसरा दिवस उजाडायचा. इथं जागच्या जागी कळलं की मधल्या शून्याला भाग देताना भागाकारात शून्य लिहायचं राहतंय. लगेच शंभराच्या, दहाच्या आणि सुट्या नोटा काढल्या. ४०० रुपये चौघांत वाटले, मग दहाची नोट एकही नाही म्हणून दशकाच्या घरात शून्य मांडलं, मग ८ रुपये वाटले. दुसऱ्या फेरीत बहुतेक कार्डं १०२ वर आली. ज्यांची आली नाहीत त्यांची नावं माझ्याजवळ होती, त्यांना मधल्या सुट्टीआधी जवळ बसवलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे.

शिरपूर, पालक

मी शिक्षिका नाही, शेतात जाणारी बाई आहे, पण लिहिते. वर्गात काय दाखवायचं ते दाखवा, आनंद आहे. पण वर्गातलं साधन हळूहळू घरी येतं. आमच्या घरी फोन एक, तो मुलांचे बाबा दिवसभर नेतात, कारण पाण्याची मोटार आणि मजूर दोन्ही फोनवर. रात्री ते येतात तेव्हा मुलगी पेंगलेली असते आणि फॉर्म भरायची वेळ संपलेली असते. सकाळी तिचं नाव ‘अपूर्ण’ मध्ये वाचलं जातं. तिला गणित येतं हो. जे ऑनलाइन आहे ते शाळेच्या वेळेत, शाळेच्या फोनवर करून घ्या, एवढं सगळ्या सर-मॅडमना सांगणं आहे.

धडगाव, सध्या धुळ्यात नर्सिंगला

मी आश्रमशाळेत शिकले. घरी पावरी बोलतो, पुस्तक मराठीत. आमच्याकडे रेंज म्हणजे एका ठराविक टेकाडावर गेलं तर. विज्ञानाच्या मॅडम सुट्टीला शहाद्याला गेल्या की पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवरचे व्हिडिओ उतरवून आणायच्या. बालभारतीच्या पुस्तकात कोडच्या खाली सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. कोड फाटला-पुसला असेल तर तो टाईप करून तेच सापडतं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं होतं.

पण मॅडम व्हिडिओ नुसता लावून द्यायच्या नाहीत. हृदयाचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून लावला. रक्त उजव्या बाजूला आलं की थांबवायच्या आणि विचारायच्या, आता हे कुठं जाणार? तुमच्या भाषेत सांगा. मॅडमना पावरी थोडीच यायची, म्हणून एक जण सांगणार आणि दुसरी मराठीत मॅडमला समजावणार. फुप्फुसाकडे जातं की सगळ्या अंगाकडे यावर आमची भांडणं झाली. मग आवाजासह पुन्हा व्हिडिओ. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी फळ्यापाशी गेली आणि बोटानं रक्ताचा सगळा रस्ता दाखवून आली.

आज अ‍ॅनाटॉमीच्या तासाला हृदयाचे चार कप्पे आले की मला इंग्रजी नावाआधी ती पावरीतली भांडणं आठवतात, आणि मग नाव बरोबर जागी बसतं. व्हिडिओ सगळीकडे तोच आहे. मॅडमनी तो मध्येच थांबवला नसता तर आम्ही रंगीत चित्र बघून जेवायला गेलो असतो.

जळगाव, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष

आमच्याकडे याच्या उलट. एका विषयाला सर ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचं लेक्चर प्रोजेक्टरवर लावतात आणि तास संपेपर्यंत मागे बसून असतात. लेक्चर उत्तमच असतं, आयआयटीच्या प्राध्यापकांचं. पण ते मी रात्री होस्टेलवर पाहू शकतो, थांबवू शकतो, दोनदा ऐकू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून करून त्यांचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे घरी पाहायची सोय आहेच. वर्गातल्या त्या तासात मला सरांशी बोलायचं असतं. अडलेलं गणित त्यांनी माझ्या वहीत बघावं असं वाटतं. व्हिडिओ घरी आणि गणितं वर्गात, असं का करत नाहीत?

चोपडा, कनिष्ठ महाविद्यालयात गणित

जळगावच्या मुलाशी सहमत.

मी जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरते. y = ax² + bx + c चा आलेख काढायचा आणि a चा स्लायडर मुलांच्या हाती द्यायचा, मी गप्प. a वाढला की वक्र अरुंद, ऋण झाला की उलटा. मग एखादा स्लायडर नेमका शून्यावर आणतो आणि वक्राची सरळ रेषा होते. ‘मॅडम, बिघडलं!’ असा आवाज येतो. त्या आवाजाचीच मी वाट बघत असते. वर्गसमीकरणाच्या व्याख्येत ‘a शून्य नसावा’ ही अट का घालतात, ते तिथून पुढे सांगावं लागत नाही, मुलंच मला सांगतात. मात्र त्याआधी वहीत हातानं निदान एक आलेख बिंदू मांडून काढायला लावते. ज्यांनी तो काढलेला असतो त्यांनाच पडद्यावर काय हललं ते कळतं. लाइट जाण्याचं म्हणाल तर जिओजेब्रा लॅपटॉपवर घेऊन ठेवलेलं आहे, बॅटरी असेतो तास चालतो.

धुळे, बी.कॉम.

आमच्याकडे क्विझ अ‍ॅपमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळायचे. ज्यांचे फोन जुने, त्यांचं पान उघडेपर्यंत पहिले तिघे ठरलेले असायचे. मॅडमना सांगितलं, त्यांनी वेळेचे गुण बंद केले. आता अकाउंट्सच्या नोंदी लोक विचार करून करतात.

रावेर, भूगोलाचा विद्यार्थी

केळीच्या पट्ट्यातला असल्यानं पाणी हा आमच्या घरचाच विषय. सरांनी वर्गासाठी एक सामाईक गूगल शीट केली. प्रत्येकानं आपल्या गावातल्या एका विहिरीची पातळी पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात दोर टाकून मोजायची आणि भरायची. तापीकाठचं गाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचं गाव एकाखाली एक आल्यावर वर्गात शांतताच झाली, एवढा फरक. एकानं अंदाजानं भरलेला आकडा शेजारच्या गावच्या मुलीनं लगेच पकडला, त्याला पुन्हा मोजून आणायला लागला. पुस्तकातला भूजलाचा धडा आम्ही त्या शीटवरूनच वाचला.

अमळनेर, बी.एड. द्वितीय वर्ष

किती भरून लिहिलंत सगळ्यांनी. शिरपूरच्या ताईंचं म्हणणं मी माझ्या पाठ टाचणात उतरवून घेतलंय, घरी फोन लागेल असा स्वाध्याय देणार नाही. यावलच्या सरांना एक विचारते. पुढच्या सराव पाठाला सातवीवर कार्डं वापरायची आहेत. क्रमांक कसे द्यायचे, आणि टिकावीत म्हणून लॅमिनेशन करू का?

यावल तालुका, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक

हजेरीपटाचाच क्रमांक द्या, मुलांना पाठ असतो. लॅमिनेशन नको. चकचकीत झालं की उजेड परततो आणि कॅमेऱ्याला नक्षी सापडत नाही. जाड साधा कागद घ्या. आणि कार्ड धरताना बोटं नक्षीवर येऊ देऊ नका, पहिल्या दिवशी फक्त तेवढाच सराव घ्या.