केनी जी वाजवतो ते संगीत की नुसतं गोड वाजवणं?

सुरेल_जळगावकर
परवा जळगावात एका रिसेप्शनला डीजेऐवजी सॅक्सोफोनवाला बोलावला होता. तरुण पोरगा, मागे ट्रॅक लावलेला, पुढे हा एकटा. जुनी हिंदी गाणी, मधूनमधून अमेरिकन सॅक्सोफोनवादक केनी जीच्या धुना. लोक ताटं हातात धरून उभे राहिले होते. आमच्या नात्यातले एक काका, मुंबईत नोकरी करून परत आलेले, घरात जॅझच्या तबकड्यांचं कपाट, ते म्हणाले, "हात चांगला आहे, पण हे काही संगीत नव्हे. हे लिफ्टमध्ये वाजतं."

मला हे पटत नाही. लोकांना आवडलं की ते हलकं, आणि समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडल्या की ते भारी, हा कुठला न्याय? केनी जीच्या 'ब्रेदलेस' या १९९२ च्या अल्बमला एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाख प्रतींचं प्रमाणपत्र आहे. चीनमध्ये त्याचं 'गोइंग होम' वाजलं की लोक समजतात, दुकान बंद व्हायची वेळ झाली. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं एकच सूर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरला, नाकानं हवा ओढत आणि गालातली हवा बाहेर ढकलत. ही तयारी नाही तर काय आहे? तुम्ही सांगा.

धुळ्याचा_श्रोता
काका बरोबर आहेत. खप आणि विक्रम यांनी काही सिद्ध होत नाही.

जॅझमध्ये धून ही सुरुवात असते. खालच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, बदलत जातात आणि वाजवणारा दर फेरीला त्यांच्यावर नवं काहीतरी रचतो. तो काय रचतो ते ऐकून ड्रमवाला आघात हलवतो, पियानोवाला त्याला उत्तर देतो, बेसवाला वाट बदलतो. केनी जी वाजवतो त्या स्मूद जॅझच्या, म्हणजे मऊ केलेल्या जॅझच्या, बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये खाली ताल आधीच भरून ठेवलेला असतो. तो कुणाचंच ऐकत नाही. मग वरचा माणूस कितीही गोड वाजवो, त्याला विचारणारं कुणी नाही आणि अडवणारंही नाही.

गिटारवादक पॅट मेथेनी २००० साली केनी जीवर जाहीरपणे तुटून पडला होता. तो स्वतः लोकप्रिय माणूस, सोवळ्यातला नव्हे. त्याचा एक आक्षेप असा की याचा शब्दसंग्रह पाच सुरांच्या ठरावीक तुकड्यांपलीकडे फारसा जात नाही, सूर थोडा चढा लागतो आणि लयीत गडबड असते. पण त्याला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. जॅझचा थोर ट्रंपेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग १९७१ साली गेला. त्याच्या 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड'च्या जुन्या ध्वनिमुद्रणावर या गृहस्थानं १९९९ मध्ये आपला सॅक्सोफोन चढवला. गेलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही. हे बेअदबीचं काम आहे.

भुसावळ_जंक्शन
केनी जी अकाउंटिंगचा पदवीधर शे भाऊ. हिशोब पक्काच राहीन!

सुरेल_जळगावकर
@धुळ्याचा_श्रोता, पाच सूर हा आरोप खानदेशात बसून करताय? भूपात पाचच सूर आहेत. मालकंसात पाच, दुर्गात पाच. गवई तासभर भूप गातो तेव्हा "याचा शब्दसंग्रह तोकडा" असं कुणी म्हणतं का? आणि केनी जी मंचावर साथीदार घेऊन वाजवतो, ट्रॅक लावून नाही. तेवढं तरी मान्य करा.

धुळ्याचा_श्रोता
साथीदार असतात, मान्य. पण भूपाचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. तासभर भूप गाणारा प्रत्येक आवर्तनात तीच तान घेऊन समेवर आला तर लोक दहाव्या मिनिटाला चहाला उठतील. सूर पाच आहेत की बारा, याला महत्त्व नाही. त्या पाचांतून दर वेळी नवी वाट निघते का, एवढाच प्रश्न आहे.

पारोळ्याचा_बँडमास्तर
मी बोलू का थोडं. आमचं घराणं बँडचं. वडील क्लॅरनेट वाजवायचे, मी क्लॅरनेट आणि सॅक्सो दोन्ही वाजवतो. आता लग्नसराईत डीजेनं आमची अर्धी रोजी खाल्ली, ते जाऊ द्या.

आधी त्या पंचेचाळीस मिनिटांचं. सनईच्या जोडीत एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो. वेशीपासून मांडवापर्यंत त्याचा सूर तुटत नाही. तोही असाच नाकानं हवा घेतो. गारुड्याची पुंगीही त्याच दमावर चालते. पण बिदागी वाटताना सूर धरणाऱ्याला कमी मिळतात, आणि तो तक्रारही करत नाही. दम ही तयारी आहे. वाजवणं त्याच्या पुढं सुरू होतं. म्हणून विक्रमाचं कौतुक मला नाही.

पण धुळ्याच्या दादांनी "गोड वाजवणं" असं म्हटलं की जणू ते कुणालाही येतं. सॅक्सोवर, त्यातही सरळ नळीच्या सोप्रानोवर, सूर जागेवर ठेवणं महाकठीण. ओठ जरा ढिला पडला की सूर उतरतो, जरा आवळला की चढतो. मे महिन्यात दुपारच्या वरातीत वाद्य इतकं तापतं की हात लावला तर चटका बसतो, आणि गरम वाद्याचा सूर वर पळतो. तिथं मऊ, गोल सूर काढून दाखवा. पोरं सहा महिने जोरात वाजवायला शिकतात. हळू आणि भरीव वाजवायला वर्षं जातात. मनोहारी सिंग यांचा सॅक्सो आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत ऐका. दोन ओळींचा तुकडा असतो, त्यात दाखवायला जागाच नसते, तरी सूर लागला की माणूस ओळखू येतो. त्यांना कुणी हलका म्हणेल काय?

धुळ्याचा_श्रोता
मास्तर, मनोहारीदांना हलकं म्हणायची माझी छाती नाही. पण ते गाण्याच्या सेवेत वाजवत होते. गाणं गायकाचं, संगीतकाराचं. जॅझमध्ये वाजवणाराच गाणं घडवतो. म्हणून मोजमाप वेगळं.

अमळनेरची_ताई
मी गाणं शिकवते, जॅझ फार ऐकलेलं नाही. पण या वादाचा आमचा अवतार मला चांगला माहीत आहे. दरवर्षी जळगावच्या बालगंधर्व महोत्सवाच्या सुमारास कुणीतरी म्हणतंच, नाट्यसंगीत म्हणजे टाळ्यांसाठीचं गाणं, खयाल तो खरा. मग मी विचारते, 'स्वयंवर'ला १९१६ मध्ये चाली दिल्या त्या भास्करबुवा बखले कोण होते? ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशी तालीम पचवलेला गवई. त्यांनी वन्समोअर मिळेल असं संगीत केलं म्हणून त्यांची विद्या कमी झाली नाही. आणि कुमार गंधर्वांसारख्या कुणाच्या बापाला न ऐकणाऱ्या गवयानं 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रम केला. त्यांना त्या गाण्यात काहीतरी दिसलं असणारच.

सुरेल_जळगावकर
ताई, हेच तर मी ओरडून सांगतोय.

अमळनेरची_ताई
थांबा, तुमच्या बाजूनं पूर्ण बोलत नाहीये. बालगंधर्व एकच पद तीन वेळा म्हणत, तर तिन्ही वेळा वेगळी जागा घेत. वन्समोअर देणारा प्रेक्षक तेच ऐकायला नव्हे, आता काय करतात ते ऐकायला मागत होता. समोरच्या माणसाकडे बघून गाणं बदलत होतं. तुमच्या केनी जीच्या मैफिलीत असं होतं का? मला खरंच माहिती हवी आहे.

सुरेल_जळगावकर
थोडं होतं, पण हिट धून लोकांना रेकॉर्डसारखीच हवी असते आणि तो तशीच देतो. सूर लांबवतो, प्रेक्षकांत फिरत वाजवतो. त्यात गैर काय?

तापीकाठचा_निवृत्त
मी बरीच वर्षं रेडिओच्या जाहिरात खात्यात होतो, म्हणून एक मुद्दा. दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच पिशवीत घातल्यात. लोकांना खूश करणं ही एक, आणि कुणालाही न खुपणं ही दुसरी.

स्मूद जॅझ हा प्रकार वादकांपेक्षा रेडिओनं घडवला. लॉस एंजेलिसचं 'द वेव्ह' हे स्टेशन १९८७ साली सुरू झालं आणि मग तो साचा अमेरिकाभर गेला. श्रोत्यांना खोलीत बसवायचं, गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवायचे, हातातल्या बटणावर आवड-नावड नोंदवून घ्यायची. ज्या तुकड्यावर नापसंती जास्त, तो बाद. लांब सोलो बाद, अचानक चढणारा ड्रम बाद, ऑफिसात काम करणाऱ्या माणसाचं लक्ष जाईल असं सगळंच बाद. उरलं ते वाजवायचं. वादकांनी हे पाहिलं आणि तसंच वाजवायला लागले, कारण रेडिओवर आलं नाही तर तिकिटं खपत नव्हती.

मास्तर वरातीत पन्नास जणांना नाचवतात तेव्हा समोरची गर्दी काहीतरी मागत असते. या साच्यात कुणी काही मागत नाही, फक्त स्टेशन बदलू नये एवढीच अपेक्षा. शेवटी २००८ मध्ये न्यूयॉर्कचं मोठं स्टेशन आणि २००९ मध्ये शिकागोचं स्टेशन यांनी हा साचा सोडला. कुणालाही न खुपणाऱ्या गोष्टीसाठी भांडायला कुणी उभं राहत नाही, असं माझं मत.

पारोळ्याचा_बँडमास्तर
नानांनी बरोबर जागी बोट ठेवलं. वरातीत आमचं असंच असतं. नवरदेवाचे मित्र थकले दिसले की मी चाल धीमी करतो, बायका पुढं आल्या की अहिराणी गाणं उचलतो, ढोलवाल्याला नुसत्या मानेनं सांगतो. एकच गाणं दोन मांडवांत सारखं वाजत नाही. लोक म्हणतात बँडवाले लोकांच्या आवडीचं वाजवतात. वाजवतो की! पण आवड क्षणाक्षणाला पालटते, तिच्या मागं धावायला कान लागतो.

भुसावळ_जंक्शन
मास्तर, तुम्हनं नाव जॅझवाल्यासना यादीमा टाकी द्या!

धुळ्याचा_श्रोता
भुसावळकर गमतीनं म्हणाले, मी गंभीरपणे म्हणतो. मास्तर जे सांगतायत ते जॅझच्या जास्त जवळ आहे. १९७८ साली मुंबईच्या जॅझ यात्रा महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. तो माणूस साध्या, लोकांना ठाऊक असलेल्या धुना घ्यायचा आणि त्यांची पार उलटापालट करायचा. लोकांना आवडणं हा माझा आक्षेप कधीच नव्हता.

सुरेल_जळगावकर
आता तुम्ही गोलपोस्ट हलवताय. बरं, मग हे घ्या. जॉर्ज बेन्सन. त्याचा १९७६ चा 'ब्रीझिन' हा अल्बम स्मूद जॅझचा बाप मानतात, पॉपच्या यादीत पहिला आला. हाच बेन्सन १९६८ मध्ये जॅझचा मोठा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्या 'माइल्स इन द स्काय' अल्बमवर गिटार वाजवून गेलेला. वेस माँटगोमेरी, अंगठ्यानं तार छेडणारा जॅझ गिटारवादक, त्याच्यावरही शेवटी तंतुवाद्यांच्या गोड साथीत वाजवतो म्हणून टीका झाली. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करनं १९४९ मध्ये व्हायोलिनांच्या ताफ्याबरोबर वाजवलं तेव्हाही लोक म्हणाले, विकला गेला. आणि ज्याच्या नावानं मेथेनी रडतो त्या आर्मस्ट्राँगला तरी कुठं सोडलं? १९६४ साली 'हॅलो, डॉली!'नं बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं, तेव्हा जॅझवाल्यांनी त्याला विदूषक ठरवलं. आज तोच देव. मग केनी जीला चाळीस वर्षांनी कोण काय म्हणेल, याची खात्री तुम्हाला आहे?

अमळनेरची_ताई
सुरेल भाऊ, आर्मस्ट्राँगनं त्याआधी १९२८ चा 'वेस्ट एंड ब्लूज' वाजवून ठेवला होता. माझ्या पुतण्यानं या धाग्यामुळं ऐकवला. सुरुवातीलाच एकटी ट्रंपेट जे बोलते ते ऐकून मी हातातली कणीक तशीच ठेवली. ज्यानं हे केलं त्यानं नंतर काहीही गोड वाजवलं तरी त्याचा हक्क आहे. केनी जीचं असं मागं ठेवलेलं काय आहे?

सुरेल_जळगावकर
म्हणजे गोड वाजवायच्या आधी कडू वाजवून परीक्षा द्यायची? बालगंधर्वांनी आधी किती खयाल मैफिली गाजवल्या होत्या, ते सांगा मग.

अमळनेरची_ताई
हा टोला बसला. पण बालगंधर्वांच्या स्टेजवरच्या पदातच ती परीक्षा होती, दर रात्री. म्हणून मी वर विचारलं होतं, केनी जी बदलतो का. त्याचं उत्तर तुम्हीच "थोडं" असं दिलंत.

धुळ्याचा_श्रोता
बेन्सनला मी एका शब्दानं नाव ठेवलेलं नाही. पार्करचा 'जस्ट फ्रेंड्स' ऐका, व्हायोलिनं जागच्या जागी आहेत आणि तो त्यांच्या डोक्यावरून उडत जातो. केनी जीला मात्र नाव ठेवतो आणि ठेवणार.

सुरेल_जळगावकर
मग सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर कुठं बसतो? त्याचा १९८० चा 'वाइनलाइट' अल्बम. मऊ, गोड, रात्री साडेदहाला लावायचा, लिफ्टमध्येही चालेल. तुमच्या सगळ्या अटींप्रमाणे नापास.

धुळ्याचा_श्रोता
नापास नाही. 'वाइनलाइट'वर ड्रमला स्टीव्ह गॅड आहे, बेसवर मार्कस मिलर, गिटारवर एरिक गेल. ग्रोव्हर वाक्य संपवतो तिथं मिलर काय करतो ते हेडफोन लावून ऐका. कुणीतरी ऐकतंय आणि उत्तर देतंय.

सुरेल_जळगावकर
म्हणजे स्मूद जॅझ वाजवणारा गंभीर वादक असू शकतो. एवढं लिहून द्या.

धुळ्याचा_श्रोता
वॉशिंग्टन लिहून दिला. पुढचं नाव काढा.