कुटुंबाचे संगीत नाटक: बाप-लेकीचे पद एका पट्टीत कसे बसवावे?

केळीबाग (भुसावळ):
नमस्कार. आमच्या कॉलनीतील हौशी मंडळी यंदा कोजागरीला एक संगीत बालनाट्य सादर करणार आहेत आणि त्यात एकाच घरातील आजी, वडील व मुलगी एकत्र काम करीत आहेत. संहिता आमचीच असून पदे भुलाबाईच्या (मुली फेर धरून खेळतात त्या खेळाच्या) गाण्यांच्या चालींवर बांधली आहेत. तालमींना तीन आठवडे झाले, तरी बाप-लेकीचे मुख्य पद काही केल्या जुळत नाही. वडिलांच्या पट्टीत आठ वर्षांच्या मुलीचा आवाज उमटतच नाही आणि तिच्या पट्टीत वडिलांचा आवाज चिरका होतो. ध्वनिमुद्रित ट्रॅक लावावा, असे काही जण सुचवीत आहेत, पण मन तयार होत नाही. आपल्या भागात असे प्रयोग केलेल्यांनी अनुभव सांगावेत, ही विनंती.

पेटीवाला (जळगाव):
ट्रॅक कृपा करून घेऊ नका. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका कौटुंबिक नाटकाला मी पेटीची साथ केली होती आणि पेच नेमका हाच होता. वडील काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गात, मुलगा काळी चारमध्ये. दोन-तीन तालमी वाया गेल्यावर लक्षात आले की काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चार. मग वडिलांचे कडवे आम्ही पंचमावर आणून सोडले, तो स्वर मी पेटीवर धरून ठेवू लागलो आणि मुलाने त्यालाच षड्ज (सा) मानून आपले कडवे उचलले. त्याला सांगितले होते ते इतकेच, की बाबा जिथे थांबतील तिथून तू निघायचे. तबलाही एकच पुरला, कारण काळी चारला लावलेला तबला मुलाला षड्ज देतो आणि वडिलांना पंचम.

प्रयोगात मुलाला ओळच आठवेना. मी भाता मारत तो स्वर धरून होतो. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून आपली शेवटची ओळ पुन्हा म्हटली, आणि मूल अलगद षड्जावर उतरले. ट्रॅक त्याच्यासाठी थांबला नसता. नाटकाची कथा आता मला अर्धीमुर्धीच आठवते, पण ती धरून ठेवलेली काळी चार अजून बोटाखाली जाणवते.

रंगपट (अमळनेर):
पेटीवाल्यांशी पूर्ण सहमत आहे, फक्त तबल्याविषयी थोडी भर घालते. आमचा प्रयोग वैशाखात, उघड्या रंगमंचावर होता. दुपारपासून मंचावर ठेवलेल्या तबल्याची पुडी (वरचे चामडे) उन्हाने ताणली जाऊन त्याचा स्वर चढला होता, पेटी मात्र होती तिथेच. वादकाने हातोडीने गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वर सरकवून तो उतरवेपर्यंत सगळी मुले विंगेत रंग लावून ताटकळली होती. कोजागरीला दव पडू लागले की पुडी उलट सैल होते, तेव्हा हातोडी हाताशी असू द्या. उघड्यावर प्रयोग असेल तर ध्वनिक्षेपकाची रात्री दहाची मर्यादा धरून तिसरी घंटा लवकर द्यावी, आणि संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आधीच मागून ठेवावे.

भुलाबाईच्या चाली आहेत, तर शेवटी झाकलेली खिरापत (खाऊ) ओळखण्याचा प्रसंग अवश्य ठेवा. आमच्या नाटकात आजी झालेल्या बाईंनी झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवला आणि प्रेक्षकांना विचारले, तेव्हा मागच्या रांगांतील बायका ‘शेंगदाण्याचे लाडू’, ‘मुरमुरे’, ‘फुटाणे’ असे एकेक सांगू लागल्या, आणि मग त्यांनीच पुढचे गाणे उचलले. ते संहितेत नव्हते. आम्ही पेटी थांबवून त्यांना गाऊ दिले.

केळीबाग (भुसावळ):
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल तालमीत करून पाहिले. वडिलांची ओळ पंचमावर संपावी म्हणून तिचे शेवटचे दोन शब्द बदलावे लागले आणि तिसऱ्या खेपेला मुलीने कोणी खूण न करता आपले कडवे उचलले. ट्रॅकचा विचार सोडून दिला आहे. आजींची जात्यावरची ओवी मात्र कोणत्याही साथीविना ठेवणार आहोत; त्या रोज वेगळ्या पट्टीत सुरुवात करतात आणि त्यांना एका पट्टीत बांधावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही.