वडिलांसोबत निवांत बसता येईल असं कॉफी शॉप सुचवा (नागपूर, धरमपेठ-शंकरनगर बाजू)

कांचनी (मंगळवार, सकाळी ९.१०)

नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना दोन्ही कानांना मशीन लागली. घरी बोलायला बसलो की टीव्ही, मिक्सर, दाराची बेल, काहीतरी सुरूच असतं. मग ते "राहू दे" म्हणतात आणि पेपर उचलतात. दर रविवारी दुपारी आई भजनाला जाते, तेवढे दोन तास त्यांना बाहेर न्यायचं ठरवलंय. नोकरीत नऊ वर्षं बंगळुरूला टेलिफोन खात्यात होते, कॉफीची आवड तिथलीच.

धरमपेठ, शंकरनगर, लक्ष्मीनगर, फार तर बजाजनगर चालेल. गुडघे दुखतात म्हणून जिना नको. गाणी मोठ्याने नकोत. दोघांचे मिळून ४०० रुपये, त्याच्या वर नाही, कारण हे दर रविवारचं आहे. साखळीवाल्या दुकानांत जाऊन आलो, तिथे ओरडून नाव पुकारतात, बाबा दचकतात. कोणी स्वतःच्या हिमतीवर चालवलेलं छोटं दुकान माहीत असेल तर सांगा, आणि तिथे तुम्हाला कसं वागवलं तेही लिहा.

नियंत्रक (९.३०)

तक्रार लिहिताना दुकानाचं नाव टाकू नये. पत्ते व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) द्यावेत.

रामदासपेठकर (९.४१)

वर्धा रोडवरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या लॉबीत घेऊन जा. गालिचे, गुबगुबीत सोफे, दारापर्यंत सोडायला माणूस. एका कॉफीचे चारशेच्या आसपास घेतात, पण शांतता हवी तर पैसे मोजावे लागतात. मी माझ्या सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस असाच केला, ते अजून नाव काढतात.

तर्री_पोहा (१०.०५)

ताई, काहून एवढे पैसे घालून राहिल्या? बाबाले फुटाळ्यावर न्या, चहा घ्या, पाणी पाहत बसा. चारशे रुपयांत महिना निघते. कॉफी शॉपमध्ये सारे पोट्टे लॅपटॉप घेऊन बसून राहतात, आपल्यासारख्याले जागाच भेटत नाही. मागच्या महिन्यात मी आणि माहा मोठा भाऊ गेलो होतो, वीस मिनिटं उभं राहिलो, कोणी "बसा" म्हटलं नाही. निघून आलो.

कॉफीबिया (१०.२२)

फुटाळ्याला रविवारी संध्याकाळी बोललेलं ऐकू येईल का? धागाकर्तीने कानाच्या मशीनचं लिहिलंय.

कॉफीचं मी सांगते, घरी चार वर्षांपासून स्वतःचं एस्प्रेसो यंत्र आहे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न: बिया भाजल्याची तारीख काय? सांगता आली नाही तर परत फिरा. भाजल्यानंतर महिना-दीड महिन्यात वापरलेली बी आणि सहा महिने पडून राहिलेली बी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसरं, समोर दळतात का ते बघा. १८ ग्रॅम भुकटीतून साधारण ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २५ ते ३० सेकंदांत. त्याहून भरभर पडली तर पाणचट, रेंगाळली तर कडूजहर. नागपुरातच कॉरिडॉर सेव्हनसारखे बिया भाजणारे आहेत, त्यामुळे ताजा माल मिळत नाही ही सबब आता कोणी सांगू नये. आणि चिकोरी (एका झाडाच्या मुळांची भाजलेली पूड) घातलेली भेसळीची कॉफी वडिलांना पाजू नका.

निवृत्त_बँकर (११.१५)

कॉफीबिया ताई, चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असायला हवी आणि चिकोरी किती ते पाकिटावर छापावं लागतं. न सांगता घातली तर भेसळ. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीला जो दाटपणा नि रंग येतो त्यात चिकोरीचा वाटा मोठा आहे. ज्या माणसाने नऊ वर्षं बंगळुरूत कॉफी प्यायली त्याला बिनचिकोरीची कॉफी देऊन बघा, चेहऱ्यावरच कळेल.

जबलपूरला माझी पाच वर्षं बदली होती. तिथलं इंडियन कॉफी हाउस म्हणजे माझं दुसरं घर. फेट्याला पंखा खोवलेले वेटर, पांढरा गणवेश, आणि कितीही वेळ बसा, बिल कोणी पुढे सरकवत नसे. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने कॉफी हाउसं बंद केली, तेव्हा कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली, १९५७ पासून. मालक आणि वाढपी एकच असला की वागणुकीत फरक पडतो. आपल्या धरमपेठेत चौकाला नाव कॉफी हाऊसचं आहे, आणि आता तिथे उभं राहून विचारावं लागतं की कॉफी प्यायला जायचं कुठे.

कॉफीबिया (११.२८)

काका, भेसळ शब्द मागे घेते. पण ४९ टक्के चिकोरी असलेल्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत "कॉफी" लिहितात त्याचा मला राग आहे, आणि राहील.

प्रतापनगर_३ (दुपारी १२.५०)

कॉफी राहू द्या, आधी बिल वाचायला शिका. शंकरनगर भागातल्या एका कॅफेत (नाव टाकत नाही) आम्ही तिघं गेलो. बिलात ५ टक्के जीएसटी, तो ठीक. खाली १० टक्के सर्व्हिस चार्ज. मी म्हटलं काढा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टिममध्येच आहे, निघत नाही." जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. मी तिथेच उभ्याने १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला. फोन लागायच्या आत मॅनेजर आतून आला आणि ८४ रुपये परत केले. चाळीस मिनिटं गेली, बायको रिक्षात बसून होती, पण सोडलं नाही. ताई, तुमचं बजेट बांधलेलं आहे, म्हणून मेन्यूकार्डाचा शेवटचा बारीक अक्षरांतला मजकूर आधी वाचा.

रामदासपेठकर (१.१०)

माणसाने आनंदाने सर्व्हिस चार्ज द्यावा. त्या पोरांचे पगार किती असतात?

प्रतापनगर_३ (१.१४)

आनंदाने द्यायचा तर टीप देतो, पोराच्या हातात देतो. चार्ज त्या पोरापर्यंत पोचतो याची खात्री कोण देणार?

एक_वैदर्भीय (२.०२)

कॉफी आपल्या विदर्भातच पिकते, हे किती लोकांना माहीत आहे? चिखलदऱ्याला. उन्हाळ्यात गेलो होतो, अर्धा किलो पावडर आणली, पाहुण्यांना पाजून राहिलो आणि सगळे विचारून राहिले कुठली म्हणून. बाबांना एक दिवस चिखलदऱ्याला न्या.

कांचनी (३.३०)

सगळ्यांचे आभार. पुन्हा लिहिते: दोघांचे ४००, जिना नको, आवाज कमी. चिखलदरा नक्की कधीतरी, पण दर रविवारी जमणार नाही.

शेवंता७२ (सायंकाळी ५.४५)

कांचनी, मी ७२ वर्षांची आहे आणि सहा वर्षांपासून मशीन लावते, म्हणून माझं जरा नीट वाच.

शांत जागा म्हणजे फक्त गाणी नसलेली जागा नव्हे. मशीन सगळेच आवाज मोठे करते. बिया दळायचं यंत्र सुरू झालं की माझ्या डोक्यात खडी फिरल्यासारखं होतं. दुधाला वाफ देतात तो फुस्स आवाज त्याहून वाईट. कपबशा सिंकमध्ये टाकल्या की दाढ दुखावी तसं होतं. आजकालच्या दुकानांत काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी, उघडं छत, सगळं फोटोला छान. पण आवाज कुठे मुरतच नाही, भिंतींवर आपटत राहतो. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं असलेली जुनी खोली बघ.

बसताना बाबांची पाठ भिंतीला हवी, म्हणजे मागून आवाज येत नाहीत. तू उजेडाकडे तोंड करून बस. आम्ही अर्धं कानांनी आणि अर्धं ओठांनी ऐकतो. खिडकीला पाठ करून बसलीस तर तुझा चेहरा काळा दिसेल आणि ते पुन्हा "राहू दे" म्हणतील. मशीन नवी आहे तर ज्यांनी बसवली त्यांच्याकडे परत जा आणि "हॉटेलात ऐकू येत नाही" असं सांग, गर्दीसाठी वेगळी सेटिंग करून देतात. आणि आधी तू एकटी जाऊन ये. त्याच वारी, त्याच वेळी. मंगळवारी पाहिलेलं दुकान रविवारी तसं नसतं.

सात_टेबलं (रात्री ९.२०)

माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. कुठे ते लिहीत नाही, जाहिरात नको. शेवंता ताईंचं वाचून आज पहिल्यांदा ग्राहकाच्या खुर्चीत बसून माझ्या ग्राइंडरचा आवाज ऐकला. आपल्याच दुकानाचे आवाज आपल्याला ऐकू येईनासे झालेले असतात.

कांचनी ताई, फिल्टर कॉफी ठेवणारं दुकान बघा. एस्प्रेसोत प्रत्येक कपाला बी दळावी लागते, दुधाला वाफ द्यावी लागते. फिल्टरचा काढा आधीच उतरवून ठेवलेला असतो, दूध गॅसवर तापतं. आवाज जवळजवळ नाहीच, आणि किंमतही निम्मी. रविवारी साडेतीन ते पाच या वेळेत जा, साडेपाचनंतर गर्दी होते. आधी फोन करून "कोपऱ्यातलं टेबल ठेवा, वडिलांना कमी ऐकू येतं" असं सरळ सांगा. कोणताही दुकानदार ठेवेल.

आणि तर्री_पोहा भाऊ, लॅपटॉपवाल्यांचं तुमचं खरं आहे. एक कॉफी घेऊन चार तास बसलेल्याला उठवायला जीभ रेटत नाही, आणि भाडं तर पहिल्या तारखेला द्यावंच लागतं. पण तुम्हाला कोणी बसा म्हटलं नाही, ते चुकलंच.

तर्री_पोहा (९.३५)

भाऊ, तुमचं दुकान कुठं आहे ते व्यनि करा. आम्ही येतो.

फुलझाडे (बुधवार, सकाळी ८.१५)

शंकरनगर मेट्रो स्टेशनच्या मागच्या बाजूला एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत एक मुलगा कॉफी करतो. फिल्टर मिळते, ९० रुपये. लाकडी कपाटं, सतरंज्या, जुने पडदे. व्यनि केलाय.

कॉफीबिया (८.४०)

ओळखलं. तिथे जाऊ नका. मला कॉफी यायला पंचवीस मिनिटं लागली. मुलगा एकटाच, घ्यायलाही तोच, धुवायलाही तोच. बियांची तारीख विचारली तर आत जाऊन पाकीट बघून आला.

निवृत्त_बँकर (९.०५)

एसी नाही तिथे. नुसता पंखा. नागपुरात! आता थंडी आहे म्हणून ठीक, मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात कोण बसेल?

रामदासपेठकर (९.२०)

शिवाय पोर्चला चार पायऱ्या आहेत. धागाकर्तीने जिना नको म्हटलंय. म्हणून सांगतो, हॉटेलची लॉबी.

प्रतापनगर_३ (९.३१)

पार्किंगही नाही. आणि सर्व्हिस चार्जचं बघून घ्या.

कांचनी (सोमवार, सकाळी ७.५०)

शेवंता ताई म्हणाल्या तशी आधी एकटी जाऊन आले. शनिवारी वेळ बघितली आणि काल बाबांना घेऊन तीन ठिकाणी गेले. दोन ठिकाणांहून दहा मिनिटांत उठलो. तिसरं ते जुन्या बंगल्यातलं. तेच ठरवलंय.

तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. पायऱ्या चार आहेत, पण लोखंडी कठडा आहे, आणि बाबा माझा हात न घेता चढले. एसी नाही. कॉफीला बावीस मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं होतं.

पहिल्या दोन्ही ठिकाणी ऑर्डर घ्यायला आलेल्यांनी बाबांच्या कानांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "काका काय घेतील?" बाबांनी मेन्यूकार्ड उलटं करून ठेवलं. घरी पेपर उचलतात ना, अगदी तसंच. या मुलाने टेबलाला वळसा घातला, बाबांच्या समोर गेला, थोडा वाकला आणि त्यांनाच विचारलं, "काका, कडक की बेताची?" ओरडून नाही, सावकाश. बाबा म्हणाले, "काढा जास्त, दूध कमी, साखर वेगळी." नंतर त्याने स्टीलचा पेला आणि खोलगट वाटी आणून ठेवली. बाबांनी साखर घातली, पेला उंच धरून वाटीत धार सोडली, परत पेल्यात, परत वाटीत. एक थेंब सांडला नाही. मी त्यांना हे करताना लहानपणी पाहिलं असेल, मला आठवतसुद्धा नाही.

त्या बावीस मिनिटांत त्यांनी मला बंगळुरूच्या एक्सचेंजमधल्या रात्रपाळीचं सांगितलं. पहाटे चारला ट्रंक कॉलच्या रांगा संपल्या की सगळे मिळून रस्त्यावर कॉफी प्यायला जायचे. कानाला आठ-आठ तास हेडफोन असायचा, असंही म्हणाले. एवढंच बोलले आणि थांबले. मीही काही विचारलं नाही.

मे महिन्यात काय करायचं ते मे महिन्यात बघू.

शेवंता७२ (८.१०)

पाठ भिंतीला होती ना?

कांचनी (८.१४)

होती. मी उजेडाकडे.

प्रतापनगर_३ (८.३०)

सर्व्हिस चार्ज लावला का?

कांचनी (८.३३)

नाही. दोन फिल्टर आणि एक केळ्याचा केक, २९० रुपये. निघताना बाबांनी दुसरी मागवली, म्हणून ३८०.

तर्री_पोहा (८.५५)

ताई, पत्ता मलेही व्यनि करा. भावाले घेऊन जातो. त्यालेही एका कानानं कमीच ऐकू येते.