समुद्रकाठच्या मालिका सुचवा ना, आणि बघताना काय आठवलं तेही सांगा

देवगडची लेक :
काल रात्री 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स' संपवली, नंतर झोपच लागेना. २०२५ची कोरियन मालिका, १६ भाग, जेजू बेटावरची गोष्ट. त्यातल्या नायिकेची, एसुनची आई समुद्रात बुड्या मारून शिंपले काढते, ऑक्सिजन वगैरे काही नाही, नुसता श्वास रोखायचा, आणि वर आली की तोंडातून शीळ घातल्यासारखा आवाज. तो आवाज ऐकला नि आजी आठवली. ओहोटीला खडकांवर उकिडवी बसून कालवं फोडायची, बोटं कापलेली, मिठाच्या पाण्याने चरचरणारी, तरी टोप भरल्याशिवाय उठायची नाही. आणि जेवताना सगळी कालवं आम्हा पोरांच्या ताटात, तिच्या ताटात नुसता रस्सा. अशा साध्या माणसांच्या मालिका अजून सांगा. कंपनीचा मालक नि गरीब पोरगी असलं नको, ते पुष्कळ झालं.

कोकमसरबत :
आवर ब्लूज!!! २०२२ची, २० भाग, जेजूच. मासळी विकणारी उन-ही पहाटे लिलावाला उभी राहते ना, मला हर्णै बंदरच दिसतं. त्यांच्याकडेपण वाकटीला मान आहे हे बघून फार बरं वाटलं. आणि जुळ्या बहिणींची गोष्ट चुकवू नका. डाउन सिंड्रोम असलेली बहीण जंग उन-हेने केलीय, तिला स्वतःला डाउन सिंड्रोम आहे आणि ती खरोखरची चित्रकार आहे. माझी भाची अशीच आहे, भाग संपल्यावर मी तिला उठवून जवळ घेतलं.

सुरमई :
कोकमसरबत, भाचीला खूप प्रेम गं. चित्रं काढते का ती?

कोकमसरबत :
काढते, सगळ्या होड्या. भिंती भरल्यात. आई रंग देऊ नका म्हणते, मी आणून देते 😄

कुडाळकर सून :
माझ्या आयेक सबटायटल वाचूक जमना नाय, मगे मी बाजूक बसान मालवणीत सांगतंय. टँजरिन्सात तो एसुनचो घोव ग्वानशिक आपल्या माणसांकडे पाठ करून बायको नि चेडवाच्या ताटाकडे फिरान जेवता, थंय आयेन मोबाईल थांबवूक लावल्यान. म्हणता परत दाखव. आमच्या घरात बायकांची पंगत कायम शेवटाक, तिका काय वाटला असात तां मी विचारूक नाय.

पायरीआंबा :
अरे मी दुसऱ्याच भागावर आहे, पुढचं सांगू नका रे कोणी 🙏
बाकी होमटाउन चा-चा-चा (२०२१) बघितली नसेल तर आज सुरू करा. गाव काल्पनिक, गोंगजिन, पण शूटिंग कोरियातल्या पोहांगकडचं. दातांची डॉक्टर शहरातून गावात येते. गामरी आजीचे दात गेलेत, चावताना दुखतं, पण इम्प्लांटला पैसे नकोत, मुलगा शहरात आहे त्याला कशाला त्रास. आमच्या वाडीत घराघरात हीच आजी. गुडघा सुजला तरी मुंबईच्या फोनवर "मी बरी आहे". मी त्या भागानंतर शेजारच्या काकूंना चिपळूणला दाखवायला घेऊन गेलो.

सुरमई :
शाब्बास भाऊ 👏
टँजरिन्स जिने लिहिली त्याच लिम सांग-चुनची आधीची 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स', २०१९. खेकड्यांच्या हॉटेलांची गल्ली, आणि एकटीने मुलगा वाढवणारी डोंगबेक. गल्लीतल्या बायका आधी तिला टोचून बोलतात आणि पुढे त्याच तिच्याभोवती उभ्या राहतात, हे बघण्यासारखं आहे. एक खुनी पण आहे त्यात, रात्री एकट्याने बघू नका. कुर्ल्या खायची इच्छा होणारच, आधीच आणून ठेवा.

दापोलीवाला :
जपानी चालेल का? एनएचके वाहिनीची 'अमाचान', २०१३. रोज सकाळी १५ मिनिटं लागायची, १५६ भाग. शाळकरी मुलगी आजीसारखी बुडी मारायला शिकते. बरीच हसवते आणि मग २०११ची त्सुनामी येते. लाट अंगावर आदळताना नाही दाखवत, नंतरचं दाखवतात. रेल्वेचे लोक थोड्या अंतरापुरती का होईना गाडी परत चालू करतात, लोक रुळाकडेला येऊन हात हलवतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमची सुपारी, नारळ सगळं आडवं. कितीतरी दिवस वीज नाही. पहिली एसटी वाडीत आली तेव्हा आई पदर सावरत रस्त्यापर्यंत गेली होती, कुठे जायचं नव्हतं तिला. ही मालिका ज्यांनी वादळ बघितलंय त्यांनी बघाच.

देवगडची लेक :
दापोलीवाला, हे वाचून काटा आला. बाग परत उभी राहिली का?

दापोलीवाला :
नारळ लावलेत, वेळ लागणार. सुपारी थोडी धरलीय.

आमसूल :
कालवांवरून विचारते, सुकं करताना त्रिफळं घालता का कोणी? आमच्याकडे रत्नागिरीत नाही घालत.

कुडाळकर सून :
बांगड्याक त्रिफळा, कालवांक नाय.

सुरमई :
विषय मासळीवर गेलाच 😄 'वेलकम टू सामदल-री' राहिली, २०२३, परत जेजू, परत बुडी मारणाऱ्या बायका. मोठी फोटोग्राफर झालेली मुलगी नाव खराब झाल्यावर घरी परत येते आणि गाव तिला सांभाळून घेतं. आई आजारी असून समुद्रात जायचं सोडत नाही, त्यावरून मायलेकींचं भांडण, ते नक्की बघा.

देवगडची लेक :
आवर ब्लूज आज लावते. भाकऱ्या व्हायच्यात अजून, त्या झाल्या की. पायरीआंबा, तुम्ही आधी टँजरिन्स पुरी करा मग बोलू.